बघायची कणसं

एसटीतून उतरले तेव्हा माझ्या दोन्ही काखांत ट्यूबलाइटची लांबोडकी रिकामी खोकी होती. बार्शीतल्या एका विजेच्या दुकानदाराला दहा वेळा "भाऊ, भाऊ" करून मी ती मिळवली होती. फाट्यावरून मळ्याकडे बघितलं तर विहिरीपाशी धूर दिसला. पालापाचोळा पेटवला असेल, असं म्हणत चार पावलं पुढे गेले आणि मग वास आला. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला शिकवावं लागत नाही. गोवऱ्यांच्या आगटीत जोंधळ्याची कोवळी कणसं भाजत होती.

आणि त्या दिवशी अख्ख्या शिवारात कोवळी कणसं फक्त माझ्याकडे होती.

मी पळत सुटले. खोकी एकेक करून वाटेत पडत गेली. पोचले तर आगटीभोवती गोणपाटं अंथरून अकरा माणसं बसलेली. मधोमध बळवंतमामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, त्यांच्या गावचे माजी सरपंच. तळहातांवर कणीस चोळून दाणे फुंकत होते. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा गुलाबी झाल्या होत्या.

"ये शालन, ये! बस!" मामा भरल्या तोंडानं म्हणाले. "काय हुरडा केलायस गं पोरी! रंगीत! आमच्या तिकडं आसला मिळत न्हाई."

मामांची जीभही गुलाबी होती. बाकीच्या दहा जणांच्याही.

ते गुलाबी प्रकरण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. लग्नाआधी मी वर्षभर पुण्याला बहिणीकडे राहिले, तेव्हा कैकिणीबाईंच्या दुकानात कामाला जायचे. बाई वाळलेल्या फुलांच्या, गवताच्या, धान्याच्या कणसांच्या सजावटी करायच्या. त्यांची कणसं कुठून कुठून लांबून यायची आणि निम्मी वाटेतच झडायची. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला होता, की आपल्या चिंचगव्हाणात काय कमी पिकतं? लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, विहिरीजवळचा तिकोनी तुकडा मागितला. दीड गुंठा जागा. सासरे नव्हते, आमचे हे शाळेवर मास्तर. शेत सगळं आत्याबाईंच्या हातात.

"काय लावनार?"

"गुळभेंडी जोंधळा."

"बरं. हुरड्याला व्हईल."

"खायला नाही. दाण्यात दूध भरलं की कापायचा, अंधारात उलटा टांगून वाळवायचा. मग हिरवा तो हिरवाच राहतो. पुण्यात लोक घरात ठेवतात. शोभेला."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पोटरीतून, म्हणजे पानाच्या घडीतून, बाहेर पडलेलं कणीस दाणा टणक होण्याआधी कापायचं, आणि तेही खायला नाही, हे त्यांना कुणी भुतानं झपाटल्याशिवाय सुचणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तरी नाही म्हणाल्या नाहीत. आत्याबाई कुणालाच कधी नाही म्हणायच्या नाहीत, अटी घालायच्या.

"एक हंगाम देते. तुजा माल पुन्याला पोचला तर तिकोनं तुजं. न्हाई पोचला तर तितं म्हशीला कडवळ. मग पुन्यांदा रानाचं नाव काढायचं न्हाई."

कैकिणीबाईंनी एका मोठ्या लग्नाच्या सजावटीसाठी तीनशे कणसं सांगितली. त्यातली चाळीस गुलाबी हवी होती. मी विहिरीच्या पाण्यावर पीक लवकर घेतलं. सगळं शिवार पोटरीत असताना माझ्या तिकोन्यात तेवढी टपोरी कणसं डुलायला लागली, तेव्हा पंचक्रोशीतले सगळे पोपट माझ्याकडे उतरले. पंधरा दिवस मी पत्र्याचा डबा बडवत उभी होते. त्यातून निवडून, हातभर दांड्यासकट, नीट तीनशे एकोणीस कणसं निघाली. चाळीस मिठाईच्या गुलाबी रंगात बुडवली. मिठाईचाच रंग का, तर "खायच्या वस्तूला दुसरं काय लावायचं न्हाई," अशी आत्याबाईंची आणखी एक अट होती. ती अट त्या दिवशी अकरा माणसांच्या पथ्यावर पडली.

"मामा," मी म्हणाले, "ती कणसं खायची नव्हती."

"मग?"

"बघायची होती."

मग मामा असे हसले की त्यांच्या मांडीवरचं कणीस राखेत गेलं. "जोंधळा बघायचा? आगं, जन्मभर त्योच बघतुय की आमी!"

मी आत्याबाईंकडे वळले. त्या वाटीत शेंगदाण्याची चटणी वाढत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आत्याबाई, बाकीची कुठं आहेत?"

"वानोळा बांधलाय," त्या हळूच म्हणाल्या.

मामांच्या जीपच्या मागच्या बाजूला दोन पोती होती. रानातलं नवं पीक पाहुण्याच्या हातावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणाला वाटेला लावत नाहीत. त्याला वानोळा म्हणतात. पोत्याच्या तोंडातून माझी सुबक, एकसारखी, पोपटांच्या चोचीतून वाचवलेली कणसं डोकावत होती. मी तरातरा जीपकडे निघाले, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"दिल्यालं वानोळं परत घेत्यात व्हय? हसतील मानसं."

माणसं हसतच होती. अकरा गुलाबी जिभा काढून हसत होती. जीप गेली, तेव्हा धुरळ्याकडे बघत मी मोजलं. माझ्याकडे एकोणीस कणसं उरली होती, आणि लग्नाला बारा दिवस.

"तुम्हाला माहीत होतं, आत्याबाई."

"हुतं की."

"मग?"

"बळवंता दारात आला, म्हनला, आक्का, गुळभेंडी कापलीस म्हनं. मी न्हाई कसं म्हनू?"

"नाही असं म्हणायचं! एवढासा शब्द आहे!"

"आनि कापल्यालीच हुती की," त्या चिरक्या आवाजात म्हणाल्या. "मी कुटं हुबं पीक कापलं?"

मला इतका राग आला होता की तो कशावर काढावा हेच कळेना, म्हणून मी परत जाऊन वाटेत पडलेली खोकी गोळा केली आणि घरी आल्यावर एकावर एक आपटली. आमचे हे म्हणाले, "आईचंही बरोबर आहे आणि तुझंही." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैकिणीबाईंना शाळेतल्या फोनवरून नकार कळवायला म्हणून मी निघाले. पदर खोचून बाहेर पडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी गडगडलं. जाऊन बघते तर आत्याबाईंनी उखळ उलटं घातलेलं आणि त्यावर चढून त्या चुलीवरच्या आढ्याशी झटापट करत होत्या.

आमच्याकडे खळ्यावर बाजरी आली की तिच्यातली निवडक कणसं मळायची नाहीत. वीतभर दांड्यासकट बाजूला काढायची आणि चुलीच्या वर आढ्याला उलटी टांगायची. धुरानं कीड लागत नाही. मिरगाला तीच उतरवून पेरायची. आत्याबाईंचं हे बियाणं त्यांच्या सासूच्या सासूपासूनचं, असं त्या सांगायच्या. मला स्वतःला त्या आढ्याखाली मान वर करून उभं राहायचीसुद्धा भीती वाटायची.

"धर," आत्याबाई वरून म्हणाल्या आणि एक जुडी माझ्या हातात सोडली. "उलटीच टांगल्याली हाईत. वाळल्याली बी हाईत. तुला आनि काय पायजे?"

"आत्याबाई, हे बियाणं आहे."

"म्हाईत हाय मला. मीच टांगलंय."

"गेलं तर काय पेरणार?"

"गेलं तर म्हंजी? परत आनायचं. शोभा झाली की मान्सं काय करत्यात त्या कनसांचं?"

"टाकून देतात."

"मग झालं तर."

अठ्ठावन्न कणसं निघाली. काजळी चढलेली, कांस्याच्या रंगाची. माझी एकोणीस मिळवून सत्त्याहत्तर. आत्याबाई उखळावरून उतरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल, पाटी घे."

त्या दिवशी आम्ही गाव पालथं घातलं आणि तीनशे कणसं पुरी केली. प्रत्येक घरात चूल होती आणि प्रत्येक चुलीवर आढं होतं. पहिल्यांदा शेजारच्या सोजरबाईंकडे गेलो.

"बियानं? लग्नाला? कुनाच्या?" सोजरबाईंनी विचारलं.

"पुन्यात हाय कुनाचं तरी."

"तुला आवतान हाय व्हय?"

"बियान्याला हाय. मला न्हाई."

सोजरबाईंनी कणसं दिली, पण प्रत्येक दांड्याला आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधून. आपलं बियाणं दुसरीच्यात मिसळलं तर काय करा! ते बघून पलीकडच्या कोंडाबाईंनी लाल चिंधी बांधली. पुढच्या घरात खणाची, त्याच्या पुढच्या घरात गोधडीची. आत्याबाई प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होत्या: "जशीच्या तशी आनून दीन. मी सवता जाते संगं."

हे मला पहिल्या दारात कळलं. आत्याबाई आयुष्यात बार्शीच्या पुढे गेल्या नव्हत्या.

लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी ट्यूबलाइटची खोकी घेऊन पुण्यातल्या एका भल्या मोठ्या लग्नाच्या लॉनवर पोचलो. कैकिणीबाईंनी पहिलं खोकं उघडलं आणि नाकाला रुमाल लावला.

"शालन, मी गोल, टपोरी, हिरवी-गुलाबी कणसं सांगितली होती. ही काय चुलीतून काढलीस?"

"चुलीवरनं," आत्याबाईंनी दुरुस्ती केली.

मी घडलेलं सगळं सांगितलं. हुरडा, मामा, वानोळा. बाई ऐकत होत्या आणि कपाळावरचा हात कपाळावरच होता. उद्या सकाळी दहाचा मुहूर्त होता. दुसरीकडून माल येणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला आणि पेटीतून सोनेरी रंगाचा फवारा बाहेर काढला.

"निदान हा मारू. काजळी तरी झाकेल."

तोवर कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या आत्याबाई एकदम बाई आणि खोक्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"त्याला रंग लावू नका, बाई."

"काकू, शोभेची आहेत ती."

"शोभा झाल्यावर पेरायची हाईत."

कैकिणीबाईंचा हात वरच्या वर राहिला. बाईंनी ऑर्डर नाकारली असती तर तिकोन्यात कडवळ ठरलेलं होतं. बाईंनी एकदा आत्याबाईंकडे बघितलं, एकदा कणसांकडे, आणि फवारा पेटीत ठेवला.

"बरं. पण ह्या चिंध्या तरी काढू ना?"

"चिंध्या काडल्या तर कंचं कुनाचं कसं कळायचं?"

खोटं कशाला बोलू, पहिला गुच्छ उभा केला तेव्हा तो बुजगावण्यासारखा दिसत होता. पण कैकिणीबाई हाडाच्या कारागीर. तीन तास त्या न बोलता काम करत होत्या. करडईची वाळकी बोंडं, पांढरं गवत, मधे माझी एकोणीस हिरवी गुळभेंडी, आणि भोवती ती काळपट बाजरी, चिंध्यांसकट. संध्याकाळी लॉनवरचे दिवे लागले आणि मुलीचे वडील बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे असं कुठं बघितलं नव्हतं." कैकिणीबाई शांतपणे म्हणाल्या, "मुद्दाम गावाकडून करवून घेतलं." मी हसू दाबायला खोक्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आपलं हिरवं नऊवारी नेसून सगळ्यात मोठ्या सजावटीशेजारी साटिनचं कापड घातलेल्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. राखणीलाच आल्या होत्या त्या. एका पोरीनं बाजरीला बोट लावलं, तर म्हणाल्या, "आगं बाळ, ते सोजरबाईचं हाय." नवऱ्यामुलाकडच्यांना त्या मुलीच्या आजी वाटल्या, मुलीकडच्यांना मुलाच्या. दोन्हीकडची माणसं येऊन त्यांच्या पाया पडत होती. पहिल्या दोन-तीन नमस्कारांना त्या गडबडल्या; मग सरसकट आशीर्वाद द्यायला लागल्या.

जेवणाच्या पंगती चालू असताना मंडप थोडा रिकामा झाला. मी त्यांच्यासाठी पानात जिलेबी घेऊन गेले. मनात अकरा दिवस घोळत असलेलं विचारून टाकलं.

"आत्याबाई, खरं सांगा. बियाणं का दिलंत? माल पोचला नसता तर तिकोनं तुम्हालाच राहिलं असतं."

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तुज्याएवढी हुते तवा मी बी मागितलं हुतं तिकोनं. सासूबाईला. शेवंती लावायची हुती मला. पिवळी."

"मग?"

"म्हनल्या, फुलं काय खायची हाईत? झालं. मी पुन्यांदा न्हाई मागितलं. कुनाला न्हाई म्हनायचं बी मग माज्या तोंडात बसलंच न्हाई. कसं असतं ते म्हाईत हुतं ना." त्या सजावटीकडे बघत होत्या. "त्या दिशी तू विहिरीपाशी हुबी हुतीस ना, एकोनीस कनसं घिऊन. मला वाटलं, शालन न्हाई, मीच हुबी हाय तितं."

माझे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "आता हितं रडू नगं. मानसं म्हनतील, पाठवनी झाली."

पाठवणी खरंच तासाभरानं झाली. आम्ही सजावट मोडायला घेतली. कणसं चिंध्यांप्रमाणे लावून मोजली. सगळी भरली, पण कोंडाबाईंच्या लाल चिंधीचं एक कमी. खुर्च्यांखाली शोधलं, गालिचे उचलले. शेवटी एक पोरगी म्हणाली, फोटोसाठी नवरीच्या हातात एक कणीस दिलं होतं.

आम्ही फाटकाकडे बघितलं. फुलांनी सजवलेली गाडी उभी होती, नवरी रडत होती, आई रडत होती, सगळेच रडत होते. नवरीच्या हातात, रुमालाबरोबर, बाजरीचं कणीस होतं.

"राहू द्या, आत्याबाई. एक तर आहे."

"कोंडीला जशीच्या तशी म्हनलंय मी."

आणि त्या निघाल्या. गर्दीनं त्यांना वाट दिली, आजीच त्या. त्यांनी नवरीला कुशीत घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःही धाय मोकलून रडल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि परत आल्या तेव्हा कणीस त्यांच्या पदराखाली होतं. डोळे पुसत मला म्हणाल्या, "लई गुनी पोरगी हाय."

ते बियाणं मिरगाला ज्याच्या त्याच्या रानात पेरलं गेलं आणि उगवलं. तिकोनं माझं झालं असं आत्याबाई तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत. फक्त जोंधळ्याच्या पेरणीच्या दिवशी मला हाक मारून विचारलं, "तुज्या तुकड्यात किती बी पायजे?" मी गुळभेंडीच्या कडेनं दोन सऱ्या पिवळी शेवंती लावली. त्यांनी ती बघितली आणि म्हशीला धुवायला निघून गेल्या.

पुढच्या पौषात कैकिणीबाईंनी सहाशे कणसं सांगितली होती. दाण्यात दूध भरलं होतं. आत्याबाई आणि मी सकाळपासून कापत होतो. खरं तर त्याच कापत होत्या. मला दांडा सरळ धरता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात बांधावर जीप थांबली. बळवंतमामा उतरले, मागून नऊ माणसं. मिशा परत पांढऱ्याशुभ्र झालेल्या.

"आक्का! आगटी पेटव!" मामा लांबूनच ओरडले.

मी विळा खाली ठेवला. आत्याबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

"आगटी पेटवते की," त्या म्हणाल्या. "गोवऱ्या देते, मीठ देते, चटनी बी हाय. हुरडा तेवढा तुमी आना."

"म्हंजी?" मामांनी कापलेल्या ढिगाकडे बोट केलं. "आनि ही गं?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. ते एवढंसं म्हणायला त्यांना एवढा दम लागला, की पुढचं वाक्य बोलायला थोडा वेळ गेला. "ही शालनची हाईत. बघायची हाईत."

मामांनी आक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग धोतर सावरत बांधावर बसले, आणि मागच्या नऊ जणांना म्हणाले, "बसा रं. बघा."

दहाही जण ओळीनं बसले आणि जोंधळा बघू लागले.